पफिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिनबरोच्या उत्तरेला, फाइफच्या किनाऱ्यावर ॲन्स्ट्रदर नावाचं मासेमारीचं छोटं बंदर आहे. तिथून बोटीनं निघालं की तासाभरात मे बेट येतं. पुण्या-मुंबईहून माझ्याकडे उन्हाळ्यात जे कुणी येतात त्यांना मी या बेटावर घेऊन जाते, आणि बोटीतले प्रश्न आता मला पाठ झाले आहेत. पफिनची चोच सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. पण ती रंगीत चोच वर्षातले चार-पाच महिनेच असते, आणि पक्ष्याचं बरंचसं आयुष्य आपल्या नजरेपलीकडे, भर समुद्रात जातं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

पफिन म्हणजे नक्की कोणता पक्षी?

उत्तर अटलांटिकमधला, ऑक कुळातला समुद्रपक्षी. पाठ काळी, पोट पांढरं, पाय नारिंगी आणि विणीच्या हंगामात लाल-पिवळी-करडी चोच. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याचं आजचं शास्त्रीय नाव फ्रॅटरक्युला आर्क्टिका. फ्रॅटरक्युला म्हणजे लॅटिनमध्ये ‘धाकटा भाऊ’. ख्रिस्ती मठातले साधू एकमेकांना भाऊ म्हणतात, आणि या पक्ष्याचा काळा-पांढरा वेश त्यांच्या झग्यासारखा दिसतो.

‘पफिन’ हे नाव मुळात त्याचं नव्हतंच. मँक्स शिअरवॉटर नावाच्या वेगळ्याच समुद्रपक्ष्याची गलेलठ्ठ पिल्लं लोक खायचे, त्यांना पफिन म्हणत. पुढे नाव या पक्ष्याला चिकटलं, पण शिअरवॉटरचं शास्त्रीय नाव अजूनही पफिनस पफिनस असंच आहे. स्कॉटलंडमध्ये जुनी माणसं याला ‘टॅमी नॉरी’ म्हणतात, आइसलँडमध्ये तो ‘लुंडी’. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या लंडी बेटाचं नाव त्याच नॉर्स शब्दावरून पडलं, म्हणजे ‘पफिनांचं बेट’.

पॅसिफिक महासागरात त्याचे दोन भाऊबंद आहेत, एक डोळ्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला आणि एक पिवळे तुरे असलेला. इथं जे लिहिलं आहे ते अटलांटिकच्या पफिनबद्दल आहे.

हा पेंग्विनचा नातेवाईक का?

नाही. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, त्यांना उडता येत नाही, आणि त्यांचं कुळ पूर्ण वेगळं. पफिन उडतो, आणि चांगला जोरात उडतो: मिनिटाला चारशेपर्यंत पंख मारत ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो.

पण या प्रश्नाच्या पोटात एक खरी आणि वाईट गोष्ट दडलेली आहे. पेंग्विन हे नाव मुळात उत्तरेच्याच एका पक्ष्याचं होतं. ग्रेट ऑक हा पफिनच्याच कुळातला, न उडणारा, पाऊण मीटर उंचीचा पक्षी. दर्यावर्दी त्याला पेंग्विन म्हणायचे. पुढे दक्षिणेकडे गेलेल्या खलाशांना तसेच दिसणारे पक्षी भेटले, तेव्हा त्यांनी तेच नाव त्यांना दिलं. मांस, तेल आणि पिसांसाठी ग्रेट ऑकची बेसुमार कत्तल झाली. आइसलँडजवळच्या एल्डी खडकावर जून १८४४ मध्ये शेवटची जोडी मारली गेली. आज ते नाव दुसऱ्यांकडे आहे आणि पक्षी नाही.

केवढा असतो?

बेटावर पाय ठेवल्यावर सगळ्यांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं: “अगं, एवढुसा?” हो, एवढुसाच. उभा राहिला की जेमतेम वीतभर. लांबी साधारण पारव्याएवढी, वजन पारव्यापेक्षा थोडं जास्त, चारशे ग्रॅमच्या आसपास. उत्तर ध्रुवाकडे जावं तसे पफिन मोठे होत जातात, पण तिथलेही कोंबडीएवढे नसतात. फोटो जवळून काढलेले असतात, त्यामुळे आपली फसगत होते.

चोच वर्षभर अशीच रंगीत असते का?

नाही. चोचीवरचे रंगीत भाग म्हणजे वेगवेगळे खवल्यांसारखे पत्रे असतात आणि विणीचा हंगाम संपला की ते गळून पडतात. डोळ्यांवरचे त्रिकोणी दागिनेही जातात, तोंडाच्या कोपऱ्यातली पिवळी गुलाबासारखी घडी आकसते, पांढरे गाल राखाडी काळे होतात. हिवाळ्यातला पफिन तुमच्यासमोर ठेवला तर तुम्ही त्याला ओळखणार नाही. एके काळी काही निरीक्षकांना ती वेगळीच जात वाटली असेल तर नवल नाही, कारण तो त्या रूपात किनाऱ्यावर येतच नाही.

वसंतात पत्रे पुन्हा वाढतात. कोवळ्या पक्ष्याची चोच अरुंद असते. वय वाढेल तशी ती रुंदावते आणि तिच्यावरचे खाचेसारखे पन्हळ वाढत जातात, त्यामुळे जाणकाराला चोच पाहून वयाचा अंदाज येतो. नर-मादीत रंगाचा फरक नसतो. दोघांचीही चोच सारखीच नटलेली असते, कारण दोघंही एकमेकांना निवडत असतात.

२०१८ मध्ये जेमी डनिंग या ब्रिटिश अभ्यासकाला आणखी एक गोष्ट कळली. मेलेल्या पफिनवर त्यानं अतिनील प्रकाश टाकला, तर चोचीच्या पिवळ्या कडा लख्ख उजळल्या. पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, म्हणजे पफिनला दुसरा पफिन आपल्याला दिसतो त्यापेक्षा वेगळा दिसत असणार.

मग उरलेलं वर्ष हे पक्षी जातात कुठं?

समुद्रात. किनाऱ्याजवळ नव्हे, खोल समुद्रात, जिथं जमीन नजरेला पडत नाही. ऑगस्ट ते मार्च हा पक्षी लाटांवर झोपतो, लाटांखाली जेवतो, समुद्राचंच पाणी पितो. जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. थव्यानं राहतो असंही नाही, बहुतेक वेळा एकटा किंवा एखाद-दुसऱ्या सोबत्याबरोबर असतो. हिवाळ्याच्या अखेरीस उडायची सगळी पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्याला उडता येत नाही. या काळात मोठं वादळ आलं तर पळायला वाव नसतो. २०१३-१४ च्या हिवाळ्यात लागोपाठ वादळं झाली, तेव्हा फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेनच्या किनाऱ्यांवर हजारो मेलेले समुद्रपक्षी वाहून आले. त्यांत पफिन सर्वांत जास्त होते.

हे सगळं कळायला फार वेळ लागला, कारण मध्य अटलांटिकमध्ये जानेवारीत दुर्बीण घेऊन कोण उभं राहणार? उत्तर मिळालं ते दीड-दोन ग्रॅमच्या यंत्रामुळं. पायातल्या ओळखीच्या कड्याला बसवलेलं हे यंत्र फक्त उजेड मोजतं आणि वेळ नोंदवतं. दिवस किती लांब होता यावरून अक्षांश निघतो, मध्यान्ह कधी झाली यावरून रेखांश. जुन्या दर्यावर्दींचंच गणित, पक्ष्याच्या पायात बांधलेलं. पुढच्या वसंतात तोच पक्षी त्याच बिळात सापडला की यंत्र काढून घ्यायचं आणि सहा-सात महिन्यांचा प्रवास वाचायचा.

मे बेटाचे पफिन हिवाळा ब्रिटनच्या पूर्वेच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) काढतात असा समज होता. यंत्रांनी दाखवलं की त्यांतले बहुसंख्य स्कॉटलंडला वळसा घालून अटलांटिकमध्ये जातात. वेल्सच्या स्कोमर बेटावरच्या अभ्यासात याहून नवलाची गोष्ट निघाली: प्रत्येक पक्ष्याची वाट वेगळी, पण तोच पक्षी दुसऱ्या वर्षी बरीचशी आपलीच जुनी वाट धरतो. पिल्लू तर रात्री एकटंच निघतं, त्याला वाट दाखवायला कुणी नसतं. म्हणजे पहिल्या काही वर्षांत भटकून जी वाट सापडली ती आयुष्यभराची. हे कळल्यापासून मला पफिनची चोच दुय्यम वाटू लागली, हे मान्य करते.

घरटं कुठं करतात?

जमिनीत. चोचीनं माती उकरायची, पायांनी मागं ढकलायची, आणि साधारण हातभर किंवा त्याहून लांब बीळ खणायचं. सशांनी सोडलेलं बीळ मिळालं तर आणखी बरं. टोकाला गवत-पिसांची थोडी बिछायत. बिळाच्या एका बाजूला पिल्लाची शौचाची जागा असते, त्यामुळे पिसं स्वच्छ राहतात. खडकाळ बेटांवर मात्र दगडांच्या फटीच वापरतात.

बीळ हवं म्हणूनच मऊ माती आणि वर गवत असलेली, उंदीर नसलेली बेटं त्यांना लागतात. अशी बेटं मोजकीच आहेत.

वर्षाला एकच अंडं?

एकच. पांढरं, साठेक ग्रॅमचं, म्हणजे आपल्या रोजच्या कोंबडीच्या अंड्याएवढं, आणि घालणारी मादी चारशे ग्रॅमची. आईबाप आळीपाळीनं पंखाखाली धरून सुमारे चाळीस दिवस उबवतात.

वर्षाला एक अंडं, आणि तेही पाचव्या वर्षाच्या आसपास अंडी घालायला सुरुवात. हा हिशेब जमतो तो फक्त पक्षी दीर्घायुषी असल्यामुळं. वीस वर्षं जगणारे पफिन पुष्कळ आहेत, आणि नॉर्वेत कडं घातलेल्या एकानं चाळिशी ओलांडल्याची नोंद आहे. अशा पक्ष्यांना एखादं वाईट वर्ष सोसतं, लागोपाठ दहा वाईट वर्षं सोसत नाहीत. पुढे संख्येबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना हा हिशेब ध्यानात असू द्या.

आईबाप पिल्लाला टाकून निघून जातात, हे खरं का?

जुन्या पुस्तकांत असं लिहिलेलं सापडतं, पण तसं होत नाही. साधारण सहा आठवड्यांचं झालं की पिल्लू स्वतःच निघतं. रात्री निघतं, कारण दिवसा मोठे काळ्या पाठीचे कुरव (सीगल) वाटच पाहत असतात. बिळाबाहेर येतं, चालत-फडफडत कड्यापर्यंत जातं आणि समुद्राकडे झेप घेतं. उजाडेपर्यंत ते बेटापासून दूर गेलेलं असतं. त्यानंतर दोन-तीन वर्षं त्याचा पाय जमिनीला लागत नाही. आईबाप कधी कधी दुसऱ्या दिवशीही मासे घेऊन रिकाम्या बिळाशी येतात.

पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेनं जायचं, एवढं त्या पिल्लाला माहीत असतं. गावचे दिवे त्याला फसवतात. आइसलँडच्या दक्षिणेला वेस्टमन बेटं आहेत, तिथं पफिनांची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे आणि मध्येच माणसांचं गाव. ऑगस्टच्या अखेरीस शेकडो पिल्लं रस्त्यांवर, अंगणांत, गोदीत उतरतात. गावातली मुलं रात्री उशिरापर्यंत खोकी घेऊन फिरतात, पिल्लं गोळा करतात, त्यांचं वजन करतात आणि सकाळी कड्यावरून समुद्राकडे उडवतात. आईवडील मुलांना या दिवसांत झोपायची घाई करत नाहीत. पिल्लाला तिथं ‘पिस्या’ म्हणतात.

चोचीत एवढे मासे कसे मावतात?

पहिला मासा धरल्यावर दुसरा धरायला चोच उघडावी लागते, मग पहिला निसटत कसा नाही? टाळूवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात आणि जीभ खरबरीत असते. मासा जिभेनं टाळूवर दाबून धरला की चोच मोकळी. शिवाय चोचीचे दोन्ही भाग जवळपास समांतर उघडतात, कात्रीसारखे एका टोकाला मिटत नाहीत. एका खेपेत सरासरी दहाएक मासे येतात. साठाहून अधिक बारीक मासे आणल्याचीही नोंद आहे.

हे मासे कोणते? ब्रिटनभोवती मुख्यतः सँडईल. नावात ईल असलं तरी ही आपली वाम नव्हे. करंगळीएवढा, चंदेरी, तेलकट मासा, दिवसातला बराच वेळ आणि जवळजवळ सगळा हिवाळा वाळूत स्वतःला पुरून घेणारा. नॉर्वेत हेरिंगची पिल्लं, म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला कॅपलिन. वर उल्लेख केलेली यंत्रं, कडी, चाळीस वर्षांचं आयुष्य हे सगळं शेवटी या बोटभर माशांवर टेकलेलं आहे.

पाण्याखाली किती खोल जातात?

साठ मीटरपर्यंत जाऊ शकतात, पण रोजची बुडी त्याहून बरीच उथळ आणि अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरची. पाण्यात पंखांनीच पोहतात, पायांनी फक्त दिशा देतात. हवेसाठी हे पंख आखूडच पडतात, म्हणून पाण्यावरून उडताना धावत धावत सुटावं लागतं आणि उतरताना कित्येकदा कोलांटी उडते.

आवाज कसा असतो?

समुद्रावर मुका. बिळात असला की खालून घुमटासारखा, जाडाभरडा ‘अर्रर्र’ येतो, लांब कुठं लाकूड कापत असावेत तसा. वाटेवर शांत उभं राहून ऐका, पायांजवळच्या जमिनीतून ऐकू येतो.

जोडी आयुष्यभर टिकते का?

बहुतेकांची टिकते, कारण दोघांनाही तेच बीळ हवं असतं. हिवाळ्यात दोघं समुद्रात वेगवेगळी असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बिळाशी भेटतात. भेटल्यावर चोचीवर चोच घासत मान हलवतात. आसपासचे पफिन धावत बघायला येतात, हे मी स्वतः कितीदा पाहिलं आहे.

एवढे लाखो पक्षी आहेत, मग धोका कसला?

जगात एक कोटीहून अधिक पफिन आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त आइसलँडमध्ये. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेनं २०१५ मध्ये त्याला ‘असुरक्षित’ गटात टाकलं, आणि युरोपपुरता विचार केला तर तो ‘संकटग्रस्त’ आहे. कारण आकडा मोठा असला तरी पिल्लं मोठी होत नाहीत.

नॉर्वेचं रोस्ट बेट पाहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेसुमार मासेमारीमुळं तिथल्या समुद्रातलं हेरिंग जवळजवळ संपलं. पफिन येत राहिले, अंडी घालत राहिले, पिल्लं बिळात उपाशी मरत राहिली, वर्षामागून वर्षं. जुने पक्षी दीर्घायुषी म्हणून वसाहत बराच काळ गजबजलेली दिसत होती. १९७९ मध्ये तिथं १४ लाखांच्या आसपास जोड्या होत्या, आज त्याचा लहानसा हिस्सा उरला आहे. वरच्या गर्दीवरून आत काय चाललंय हे कळत नाही, ते असं.

मे बेटावर १९५० च्या दशकात मोजक्याच जोड्या होत्या. त्या वाढत वाढत २००३ मध्ये ६९ हजारांवर गेल्या आणि पाच वर्षांनी, २००८ ला मोजल्या तर ४१ हजार. त्या हिवाळ्यांमध्ये समुद्रात काहीतरी मोठं बिघडलं होतं. माईक हॅरिस आणि सारा वॅनलेस यांच्यासारख्या संशोधकांनी इथं १९७० च्या दशकापासून चिकाटीनं मोजदाद केली नसती तर हे कुणाला कळलंही नसतं.

पाणी तापलं की सूक्ष्म तरंगजीव बदलतात. थंड पाण्यातले, चरबीनं भरलेले जीव उत्तरेला सरकतात, त्यांच्यावर जगणारे सँडईल बारीक आणि कमी होतात. पफिन तेवढ्याच खेपा मारतो, पिल्लाच्या पोटात मात्र कमी जातं. अमेरिकेच्या मेन किनाऱ्यावर २०१२ मध्ये समुद्र फार तापला, तेव्हा आईबाप नेहमीच्या माशांऐवजी बटरफिश आणू लागले. हा मासा आपल्या पापलेटच्या कुळातला, तसाच चपटा आणि रुंद. पिल्लांना तो गिळता येईना. माशांच्या ढिगाशेजारी पिल्लं उपाशी मेलेली सापडली.

त्यात माणसाचा वाटा मासेमारीचा. सँडईल माणसं सहसा खात नाहीत. त्याचं तेल आणि पीठ करून पाळीव मासे आणि जनावरांना घातलं जातं. २०२४ मध्ये उत्तर समुद्राचा इंग्लंडकडचा भाग आणि स्कॉटलंडचा सगळा समुद्र सँडईलच्या मासेमारीला बंद झाला. युरोपीय संघानं त्यावर आक्षेप घेतला. माझ्या मते ही बंदी टिकलीच पाहिजे. पाणी गार करणं एका देशाच्या हातात नाही, पण जाळं न टाकणं आहे.

माणसं पफिन खातात का?

खातात. आइसलँडमध्ये आणि फेरो बेटांवर लांब काठीच्या जाळ्यानं उडते पफिन पकडायची जुनी रीत आहे, आता बरीच मर्यादित झालेली. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवर तर समुद्रपक्षी हेच मुख्य अन्न होतं. १९३० च्या ऑगस्टमध्ये शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले. नॉर्वेच्या वॅरोय बेटावर बिळातून पफिन काढायला एक खास कुत्रा पाळत: लुंडेहुंड. त्याच्या प्रत्येक पायाला किमान सहा बोटं असतात आणि मान इतकी लवचिक, की डोकं पाठीला टेकतं.

कोकणातल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. ज्या बेटावर पीक येत नाही तिथं समुद्र देईल ते खायचं. आज प्रश्न भुकेचा उरलेला नाही आणि पक्षी घटतायत, म्हणून रीतही आवरती घ्यावी असं मला वाटतं. तिथले कित्येक शिकारी स्वतःहून थांबले आहेत.

एकदा गेलेले पफिन परत आणता येतात का?

येतात, पण वेळ लागतो. मेनमधल्या ईस्टर्न एग रॉक बेटावरचे पफिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीनं संपले होते. स्टीफन क्रेस या तरुण अभ्यासकानं १९७३ मध्ये न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणायला सुरुवात केली. गवताच्या ढेकळांची बिळं बनवली, रोज बिळाच्या तोंडाशी मासे ठेवले, आणि पिल्लं उडून गेली. मग वाट पाहणं. पहिला पक्षी परतला १९७७ मध्ये. येणाऱ्यांना एकटं वाटू नये म्हणून क्रेसनं लाकडाचे पफिन बनवून खडकांवर उभे केले होते, खरे पक्षी त्यांच्याशेजारी येऊन बसायचे. जुलै १९८१ मध्ये एक पफिन चोचीत मासे घेऊन दगडांच्या फटीत शिरताना दिसला. मासे घेऊन फटीत शिरला म्हणजे आत पिल्लू होतं. आठ वर्षं आणि शेकडो पिल्लांनंतर.

लंडी बेटावर वेगळा उपाय लागला. तिथं जहाजांतून आलेले उंदीर अंडी-पिल्लं खात होते. २००० च्या सुमाराला पफिन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. उंदीर हटवल्यावर आज संख्या हजाराच्या वर आहे. आणि इथं जवळच, नॉर्थ बेरिकसमोरच्या क्रेगलीथ बेटावर शत्रू होती वनस्पती. ट्री मॅलो नावाचं पुरुषभर उंचीचं झुडूप इतकं माजलं, की पफिनांना बिळात शिरता येईना. २००७ पासून स्वयंसेवक कोयते घेऊन जातात आणि ते छाटतात. मीही एका हिवाळ्यात गेले होते. दिवसभर वाकून छाटल्यावर झुडपांखालून बिळांची तोंडं एकामागून एक उघडी होताना पाहणं, ते मी विसरणार नाही.

पफिन काडीनं अंग खाजवतो, हे खरं?

दोनदा पाहिलं गेलंय, २०१४ मध्ये स्कोमरला आणि २०१८ मध्ये आइसलँडच्या ग्रिम्सी बेटावर. दुसऱ्या वेळी चित्रफीतही मिळाली: काडी चोचीत धरून छातीची पिसं खाजवताना. समुद्रपक्ष्यांत अवजार वापरल्याची तोवर नोंद नव्हती.

भारतात पफिन दिसतो का?

नाही, तो उत्तर अटलांटिकच्या आसपासच राहतो. पण उत्तरेचा समुद्रपक्षी पाहायला दूर जावं लागतं असंही नाही. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर जे मोठे काळसर पाठीचे कुरव दिसतात त्यांत रशियाच्या उत्तर टोकाकडच्या टुंड्रात वीण करून आलेले असतात. आणि बेटावर वीण करणारे समुद्रपक्षी हवे असतील तर वेंगुर्ल्यासमोरचे खडक आहेत, तिथं ऐन पावसाळ्यात सुरय (टर्न) पक्ष्यांची एक जात अंडी घालते. पावसाळी वादळानंतर मुंबई-कोकणच्या किनाऱ्यांवर थकून पडलेले बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षीही सापडतात. त्यांना पुन्हा पाण्यात ढकलू नका, तोंडात पाणी ओतू नका. हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून वनखात्याला कळवा.

मे बेटावर कधी आणि कसं जायचं?

एप्रिलच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत आलात तर पक्षी दिसतील, पण अंडी उबवत असल्यानं निम्मे बिळात असतील. चोचीत मासे पाहायचे तर जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै. बोट ॲन्स्ट्रदरहून किंवा नॉर्थ बेरिकहून सुटते, आधी आरक्षण करा, समुद्र खवळला की रद्द होते. जूनमध्येही वारा झोंबतो, स्वेटर आणा. टोपी हवीच, कारण धक्क्याजवळ आर्क्टिक सुरय घरटी करतात आणि डोक्यावर टोचे मारतात, कधी रक्त येईपर्यंत.

दोन गोष्टी मी कळकळीनं सांगते. आखलेली वाट सोडू नका, खाली बिळं आहेत आणि जमीन खचते, वर तुमचा पाय आणि आत पिल्लू. दुसरं, मासे घेऊन आलेला पक्षी समोर घुटमळत असेल तर बहुधा तुम्ही त्याच्या बिळाच्या वाटेत उभे आहात. फोटो चांगला येतोय म्हणून थांबू नका, बाजूला व्हा. तो घुटमळतो तेवढ्यात कुरव येऊन मासे हिसकावतो.

आम्ही ऑगस्टच्या अखेरीस येतोय. पफिन दिसतील का?

मे बेटावर नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते निघून गेलेले असतात. एका आठवड्यात बेट रिकामं होतं, आदल्या दिवसापर्यंत हजारो असतात. सुट्टी तेव्हाच असेल आणि जमत असेल तर वेस्टमन बेटांचा विचार करा. मोठे पक्षी तिथूनही निघू लागलेले असतील, पण पिल्लं निघायचा हंगाम नेमका तोच, आणि पाहुण्यांनाही मुलांबरोबर रात्री हिंडता येतं. पुठ्ठ्याचं खोकं न्या, झाकणाला भोकं पाडा, एका खोक्यात गर्दी करू नका. हातमोजे घाला, हाताचं तेल किंवा क्रीम पिसांना लागलं तर त्यांच्यातून पाणी आत शिरतं. गोदीच्या कडेला आणि उभ्या गाड्यांखाली आधी बघा, पिल्लं तिथंच दडतात.